पाय कुठे आहे ते सांग

ता. ४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. गुरांच्या दवाखान्याने मला फिरतीसाठी नवी गाडी दिली. आपल्या जुन्या खटाऱ्याच्या तिप्पट ताकदीची! औषधांच्या पेट्या भरूनही चढ असा चढते की बघतच राहावं. कंपाउंडर म्हणतो, आता डॉक्टरीणबाई विमानातून येणार. परवा अंगणात घेताना दोन कुंड्या फुटल्या, बाकी सगळं ठीक. पिटुकलीचा एक दात पडला, तो ती सगळ्यांना दाखवत फिरते.

तब्येत सांभाळा, आणि माझ्यावर रागवायचं राहून गेलं असेल तर पुढच्या पत्रात रागवा.

तुमची ठमी

ता. ९ मार्च

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा कुंड्यांपाशी अडखळलो. मी चाळीस वर्षं बस चालवली, त्यातली बारा नव्या चालकांना शिकवण्यात घालवली. मला कुंड्या सांगू नकोस. तुझ्या कुंड्या फाटकापासून वीस पावलं आत, पार भिंतीला लागून आहेत. गाडी तिथवर गेलीच कशी? आणि तू घरी आलीस की पिटुकली कुठे उभी राहते, तेही मला ठाऊक आहे. तुझी आई असती तर तिने तुला बोलतं केलं असतं. मला नुसतं विचारता येतं. खरं काय ते लिही.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाबा

ता. १३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही म्हणजे काही लपत नाही. फाटकात तो छोटा चढ आहे ना, तिथे खटारा हमखास बंद पडायचा. म्हणून तिथे आले की मी विचार न करता रेस तळापर्यंत दाबते. त्या दिवशीही दाबली. नव्या गाडीने उडीच मारली. पिटुकली कुंड्यांपाशी उभी राहून हात हलवत होती. ब्रेक लागला तेव्हा बंपर आणि तिचा फ्रॉक यांत वीतभर अंतर होतं. ती हसत होती, बाबा. तिला वाटलं आईने गंमत केली. इंजिन बंद केलं तरी मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

तेव्हापासून गाडी रस्त्याकडेला उभी आहे. मी बसने फिरते. काल मी पोचेपर्यंत एक गाय गेली. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत गाडी हातात घेतली नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. द्या म्हणावं! मला गाडीची भीती नाही, या पायाची आहे.

रागवू नका, नुसतं जवळ बसा असं वाटणारी,
ठमी

ता. १७ मार्च

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

तो पाय तुझा नाही, माझा आहे. तू एकोणीस वर्षांची असताना भर रस्त्यात चढावर खटारा बंद पडला. मागे भोंगे सुरू झाले आणि मला, बस शिकवणाऱ्या माणसाला, चारचौघांत लाज वाटली. मी तुझ्या कानात ओरडलो की दाब, आणखी दाब. तुला दाबायला शिकवलं, सोडायला शिकवायचं राहूनच गेलं.

आमच्या आगारात शिकाऊ चालकाला वळणाआधी, चढाआधी, फाटकाआधी मी विचारायचो की पाय कुठे आहे, आणि त्याने मोठ्याने सांगायचं. सगळे हसायचे, पण अंगवळणी पडायचं. माझ्या लेकीला मात्र कधी विचारलं नाही. म्हटलं, ही हुशार आहे, हिला काय सांगायचं! कर्म माझं.

रविवारी येतोय. मोकळं मैदान बघून ठेव, पातळ तळव्याचे बूट घाल. आधी नुसता ब्रेक, वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस, मग ओल्या जमिनीवर. सगळ्यात शेवटी फाटक. त्या वेळी कुंड्यांच्या जागी मी उभा राहीन.

तुझा चुकलेला मास्तर,
बाबा

ता. ६ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात ना? तुम्ही गेल्यावर घर खायला उठलंय. कुंड्यांच्या जागी उभं राहायचा तुमचा हट्ट मी मोडून काढला, त्याचा राग अजून असेल तर असू दे. तिथे रिकामे खोकेच बरे होते; फाटकाच्या सरावात पहिल्या दिवशी त्यांतले दोन आडवे झाले, आठवतं ना? आता गाडीचं इंजिन बंद झाल्याशिवाय पिटुकली दाराचा उंबरा ओलांडत नाही. काल मी वेळेत पोचले आणि एक वासरू वाचलं. जागा माझीच राहिली.

एक गोष्ट तोंडावर सांगायची राहिली. गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही शेजारी तुम्ही बसलात की तुमचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत असतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही पायाखालची चटई पार घासून काढलीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी आपण फाटकाशी आलो. पिटुकलीने मागच्या सीटवरून दरडावून विचारलं की आई, पाय कुठे आहे. ब्रेकवर, असं मी मोठ्याने सांगितलं, मग हलकी रेस देत चढ हळू घेतला, आणि सहज तुमच्या पायाकडे बघितलं. तो पाय दुसऱ्या पायावर टाकून तुम्ही पेपर वाचत होतात.

गाडी उभी करून मी हुंदका दिला. तुम्हाला ऐकू आला नाही, म्हणून लिहितेय.

लोभ आहेच, धाकही राहू द्या.
ठमी