दुसऱ्या व्हॅटचा काटा

२४ फेब्रुवारी, मंगळवार

समर्थसाहेबांनी आज पुन्हा सगळ्यांसमोर तेच म्हटलं — "नवलेमॅडम नसत्या तर ही डेअरी केव्हाच बंद पडली असती." मी मान खाली घालून कागद चाळत राहिले. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं!

मेअखेर माझी निवृत्ती. पुढे दोन वर्षं ठेवायचं की नाही, ते साहेब पाडव्यापर्यंत ठरवणार. हुमेरा शेखलाही एप्रिलपासून कायम करायचं चाललं आहे. मुलगी दिवाळीपासून माझ्या हाताखाली आहे. डेअरीचंच शिक्षण, डोकं चांगलं, अक्षर वाईट. तिचा भाऊ अझहर आमच्याच टँकरवर ड्रायव्हर.

साहेब जाता जाता म्हणाले, "तिला सगळं शिकवून ठेवा हं मॅडम. म्हणजे आम्हाला तुमची काळजी नको."

माझी काळजी नको म्हणजे काय? दुपारभर ते डोक्यात राहिलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं शिकवलं का? इथे तरी खरं लिहावं.

दुसऱ्या व्हॅटचा, म्हणजे दही लावायच्या मोठ्या टाकीचा, तापमानाचा काटा बिघडलेला आहे. दूध असतं त्यापेक्षा पाच-सहा अंश कमी दाखवतो. मला फरक पडत नाही, मी मनात बेरीज करते. काट्यावर अडतीस आले की दूध बरोबर दही लावण्याजोगं झालेलं असतं, मग मी विरजण घालते. बाकी कुणाला हे माहीत नाही. हातात धरायचा चांगला थर्मामीटर माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.

हुमेराच्या आज लक्षात आलं. "मॅडम, पुस्तकात त्रेचाळीस आहे. तुम्ही अडतीसलाच कसं घालता?"

"अनुभव," मी म्हटलं.

तिने वहीत लिहून घेतलं — अनुभव!

सकाळीच फिटर विचारून गेला होता, काही दुरुस्ती आहे का. मी नाही म्हटलं. सहज निघालं तोंडातून.

६ मार्च, शुक्रवार

उद्या शेवगावला निघते. भाची राजनंदिनीचं लग्न. नेमका चक्क्याचा हंगाम. पाडव्याच्या श्रीखंडासाठी नगरपर्यंतच्या मिठाईवाल्यांची मागणी आहे. रविवारचा मोठा घाणा हुमेराच लावणार.

निघताना तिने विचारलं, "काट्यावर किती बघू मॅडम? तुमच्यासारखं अडतीस?"

"तू पुस्तकाप्रमाणे कर."

हे मी म्हटलं. मीच. फार तर दही थोडं पातळ लागेल असं वाटलं. चार जणांना कळेल की बाई नसली की काय होतं. बस, एवढंच मनात होतं. एवढंच!

आणि नेहमीचा दमही दिला — काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा. मला विचारल्याशिवाय दुसरं विरजण घालायचं नाही. तिथे हा नियम माझाच आहे. पंधराएक वर्षं कुणी मोडलेला नाही.

८ मार्च, रविवार. शेवगाव

लग्न छान झालं. पंगतीत बसले होते, हुमेराचा फोन. मी मोबाईल पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

ताई म्हणाली, "उचल की गं, कोण आहे?"

"डेअरी. माझ्याशिवाय पान हलत नाही त्यांचं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. जिलबी घेतली.

९ मार्च, सोमवार

अख्खा व्हॅट गेला.

दही लागलंच नाही. वर पाणी, खाली कडवट गोळे. सगळं दूध ओढ्याकडच्या खड्ड्यात सोडावं लागलं. मी पोचले तेव्हा छगन होसपाइप धरून व्हॅट धूत होता. मला पाहून म्हणाला, "आल्या का म्याडम! आवो, तुमी न्हाई तर हितं निस्ती दैना झाली."

पातळ लागेल असं वाटलं होतं. काटा त्रेचाळीसवर म्हणजे दूध त्याहून किती तरी गरम. विरजण जगणार कसं? हे मला कळत नव्हतं का? मला नाही तर कुणाला कळणार!

साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. अझहरही दाराशी उभा होता, नुकताच टँकर लावून आलेला. साहेब हुमेराला एकच विचारत होते — संध्याकाळपर्यंत कळलं कसं नाही? दुपारी चव बघतात ना? दुपारीच कळलं असतं तर निम्मं दूध वाचलं असतं, दुसरं विरजण लावता आलं असतं.

ती अ‍ॅप्रनची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

मागून कुणीतरी म्हणालं, "रोजा आसंल साहेब तिचा. रोज्यात कशी चव बघनार?"

केबिनमध्ये सगळ्यांना एकदम उलगडा झाला. साहेबांनी हळूच विचारलं, अगदी सभ्यपणे — "तसं होतं का हुमेरा? तसं होतं तर छगनला चाखायला सांगायचं होतंस."

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडमना फोन केला होता."

"मॅडम लग्नात होत्या. लग्नात फोन उचलायचा का त्यांनी?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोनच वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "आधी पुढचा घाणा लावू या साहेब. बोलणं नंतर."

मग अ‍ॅप्रन चढवला, काट्यावर अडतीस आल्यावर विरजण घातलं. दही लागलं ते असं की वड्या पाडाव्यात! छगनने लांबूनच हात जोडले.

१० मार्च, मंगळवार

आजही काट्याचं बोलले नाही.

१२ मार्च, गुरुवार

हुमेराला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कायम करायचा प्रश्नच संपला. ती माझ्या टेबलापाशी आली. अ‍ॅप्रनची घडी ठेवली, टोपी ठेवली. रडली असती तर बरं झालं असतं, मी रागावून घेतलं असतं. ती म्हणाली, "माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका मॅडम."

मी म्हटलं, "जप."

जप! एवढाच शब्द सापडला मला. चाळीस वर्षांपूर्वी वक्तृत्वाचा कप मिळवला होता कॉलेजात.

१४ मार्च, शनिवार

चहाच्या वेळी छगन रंगात आला. "आता म्याडमला साठ काय, शंभर वर्साच्या झाल्या तरी सोडत न्हाईत. खुर्चीसकट उचलून आनू व्हॅटपाशी!" सगळे खिदळले. मग एकाने रोज्यावरून काहीतरी म्हटलं — दुधाच्या धंद्यात आसली मानसं घेऊच नये, वगैरे. लिहिण्यासारखं नाही.

एरवी कामाच्या जागी असं काही बोललं तर मी जीभ हासडून हातात देते. सगळ्यांना ठाऊक आहे. आज मी बशी धुतली आणि जागेवर जाऊन बसले. खिडकीतून अझहर दिसला. टँकरच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. त्याने ऐकलं होतं. चहाला आलाच नाही.

एका मुलीची नोकरी गेली ती वेगळीच. वर तिच्या उपवासावर ठपका आला, आणि तो मी राहू दिला. हे कुठल्या पाण्याने धुणार?

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली आणि डेअरीत गेले. दरवर्षीप्रमाणे व्हॅटची पूजा, हळद-कुंकू, नारळ. मग साहेबांनी मला पुढे बोलावलं. शाल घातली. दोन वर्षं मुदतवाढ, तिथेच जाहीर केली. टाळ्या.

हाताने शालीचं टोक धरलं होतं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि बोलले. सगळ्यांसमोर बोलले — तो घाणा हुमेराने बिघडवला नाही. दुसऱ्या व्हॅटचा काटा खोटा आहे, हे मला माहीत होतं, मी तिला सांगितलं नाही. तिचा फोन आला तोही मुद्दाम उचलला नाही. चव आणि रोजा यांचा काही संबंध नाही, दोष माझा आहे.

मग साहेब गहिवरून म्हणाले, "बघा! याला म्हणतात मोठं मन. हाताखालच्या पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेतायत!"

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जास्त. छगन तर पायाच पडला.

मी "नाही, नाही" म्हणत राहिले तसा टाळ्यांचा आवाज वाढत गेला. एवढ्या वर्षांत कमावलेली ही किंमत — माझं खरं कुणाला खरं वाटेना. घरी येऊन पुरणपोळीचं ताट तसंच झाकून ठेवलं. शाल पिशवीतच आहे.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर गेले. दुसऱ्या व्हॅटमध्ये पाणी तापवलं, कपाटातला थर्मामीटर काढला आणि समर्थसाहेबांना हाताला धरून व्हॅटपाशी नेलं. "काट्यावर वाचा. आता यावर वाचा."

त्यांनी दोन्ही वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा उतरला.

"मॅडम... का?"

"मी नसले की अडावं म्हणून."

त्यांनी थर्मामीटर पुसून माझ्या हातात परत दिला. मग आजूबाजूला बघून म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या. मिठाईवाल्या पार्ट्यांपर्यंत गेलं तर नाव जाईल. काटा बदलू. तुम्ही काम बघा."

"आणि हुमेरा?"

"आता झालं ते झालं. तिला दुसरीकडे कुठेतरी मिळेल."

"मग मीही उद्यापासून येत नाही. मुदतवाढ नको. लावा तुम्ही घाणा."

आवाज चढला असावा. छगन पाईप टाकून बघायला आला. त्याच्यासमोरच पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी काट्यावर बोट ठेवून. त्याने दोन्हीकडे पाहिलं. पाया वगैरे पडला नाही. "आरं द्येवा," एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

साहेब आधी चिडले, मग हिशोबी झाले. शेवटी "ईद होऊ द्या, सोमवारपासून येऊ दे तिला, एप्रिलपासून कायम" असं म्हणाले. अझहरला केबिनमध्ये बोलावून काटा कसा खोटा आणि मी ते का लपवलं, ते साहेबांनीच सांगितलं. माझ्या देखत. तो माझ्याकडे एकदाच वळला. "बहिणीला तुम्हीच सांगा," म्हणाला. मॅडम म्हटलं नाही. बरोबर केलं.

आता जरा मोकळं वाटतंय. उद्या जाईन तिच्याकडे. माफी मागून टाकीन, म्हणजे संपलं.

२१ मार्च, शनिवार. ईद

गेले होते. हुमेराच्या आईने शीरखुर्मा पुढे केला, बसा बसा म्हणाल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हुमेराने ऐकून घेतलं. सोमवारी येते म्हणाली. मला वाटलं झालं, सुटले. गल्लीच्या टोकापर्यंत ती पोचवायला आली. मी आपलं विचारलं — मला फोन केलास तेव्हा दुपारच होती, काहीतरी बिघडलंय हे तुला चाखल्याशिवाय कळलं कसं?

ती मागे वळून घराकडे बघून घेत, अगदी हळू बोलली. "चाखलं होतं मॅडम. त्या दिवशी रोजा मोडला मी. केबिनमध्ये भाईजान होता, कसं सांगणार? घरात अजून कुणाला माहीत नाही... नुसतं जिभेवर ठेवून थुंकलं असतं तर चाललं असतं. पण तुम्हीच शिकवलंत ना, कडवटपणा गिळल्याशिवाय कळत नाही."