ठमीची ऊब

४ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! ट्रकवाल्याने मला आणि माझ्या ट्रंकेला फाटकाशी उतरवलं तेव्हा कंबरेचा पार खुळखुळा झाला होता, पण दारात धाकटी दिसली आणि सगळा शीण पळाला. ती मला बघून रडली, मी तिला रागावले. चार दिवसांची बाळंतीण वाऱ्यात काय उभी राहते? मग मीही रडून घेतलं.

घर लहान आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मेव्हणे पाण्याच्या पंपावर नोकरीला आहेत, घर नोकरीबरोबर मिळालंय. अंगणापलीकडे पंपाची खोली, आणि वस्ती इतकी खाली की धूर दिसतो, माणसं दिसत नाहीत. बर्फ पडला की रस्ता बंद. मग थंडी सरेपर्यंत आमचे आम्हीच.

बाळ म्हणजे लोण्याचा गोळा. नावावरून आईबापांचं अजून भांडण चालू आहे. मी बघताक्षणी तिला ठमी म्हटलं, आता दोघंही तेच म्हणतात. मनगटाला वळ्या आहेत हो चक्क!

मधल्या खोलीत माझ्या कंबरेएवढी लोखंडी शेगडी आहे. पुढे लहानसं दार, खाली राखेचा खण, मागे धुराडं थेट छतातून बाहेर. घराची सगळी ऊब तिच्यावर. मेव्हणे दिवसभर अंगणात ओंडके फोडतात आणि ही बया संध्याकाळपर्यंत सगळं फस्त करते. मी जाहीर करून टाकलं की शेगडी आजपासून माझी. पंचवीस वर्षं वसतिगृहात दुसऱ्यांच्या मुली सांभाळल्या, एक शेगडी मला काय जड आहे? मेव्हणे हात जोडून म्हणाले, ताई, घर तुमचं, शेगडी तुमची, मला फक्त जेवायला बोलवा. माणूस गोड आहे.

७ नोव्हेंबर

या दोघांना लाकडातलं ओ की ठो कळत नाही. ओली लाकडं कोंबायची, मग धूर, मग ठमीला खोकला, मग खिडकी उघडायची, मग थंडी. मी अंगणातली रास उपसून सुकी लाकडं वेगळी केली, ओली शेगडीच्या मागे भिंतीला टेकवून वाळत लावली. पाळणा शेगडीपासून दूर सरकवला. खिडकीला बोटभर फट ठेवली, कारण बंद खोलीतली आग बाळाला वाईट. दुपटी वर दोरीवर. आता खोलीत कसं प्रसन्न वाटतं. धाकटी म्हणते, तू आलीस आणि मला झोप लागली. वेणी घालून द्यायला बसली होती माझी. माझ्या केसांचा तिला लहानपणापासून हेवा. पन्नाशी उलटली तरी वेणी कंबरेखाली आहे, जाडी मनगटाएवढी.

१० नोव्हेंबर

आज ठमीची नाळ गळून पडली. मी तिला पुसत होते, तर कापसाबरोबर हातात आली, मनुकेसारखी काळी, सुकलेली. समोर शेगडीचं दार उघडंच होतं. कापूस आणि नाळ, दोन्ही आत टाकून मोकळी झाले. धाकटी कुरकुरली, म्हणाली जपून ठेवणार होते. मी म्हटलं, घाण आहे ती, दागिना आहे का जपायला? घरात कचरा साठलेला मला खपत नाही.

१५ नोव्हेंबर

माझ्या हाताला यश आहे म्हणायचं! सकाळी घातलेला ओंडका संध्याकाळी तसाच, नुसता कडेने लाल. आणि घर मात्र उबदार. मेव्हण्यांनी तोंडात बोटं घातली. आज त्यांनी कुऱ्हाड पुसून, तेल लावून दाराशेजारच्या खिळ्याला टांगली. म्हणाले, ताईंनी तिला सुट्टी दिली.

ठमी छान पिते. रडत नाही. गुणाची पोर.

२४ नोव्हेंबर

बर्फ पडायच्या आत नर्सबाई येऊन गेल्या. झोळीच्या काट्याला ठमीला लटकवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वजन वाढायच्या ऐवजी घटलंय, जन्माला आली त्याहून कमी. दूध पुरतं का, विचारलं. पुरतं काय, उतू जातं. मग म्हणाल्या, रस्ता आहे तोवर खाली दवाखान्यात दाखवा.

त्या गेल्यावर मी धाकटीला नाही नाही ते बोलले. तुझ्या दुधात जीवच नाही, तू स्वतः धड जेवत नाहीस, तुला मूल झेपत नव्हतं तर... बरंच बोलले. ती पाजत राहिली. नंतर मला वाईट वाटलं, पण काळजीपोटी माणूस बोलतोच की.

मनगटाच्या वळ्या गेल्या, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

२८ नोव्हेंबर

काल दुपारपासून बर्फ. रस्ता बंद झाला. दवाखाना राहिला.

आणखी एक. परवापासून मी शेगडीत लाकूड घातलेलं नाही. आधी विसरले, मग मुद्दाम घातलं नाही. तरीही हात लावला तर चटका बसतो. मेव्हणे खूश आहेत, म्हणतात रास पुढच्या वर्षालाही पुरेल. मला हसू आलं नाही.

३० नोव्हेंबर

आज शेगडीत नीट वाकून पाहिलं. ओंडका नाही, ढलपी नाही, राखसुद्धा नाही. मधोमध मनुकेएवढा एकच निखारा. तो मंद होतो आणि उजळतो, पुन्हा मंद होतो आणि उजळतो.

ठमी मांडीवर होती. हात सहज तिच्या टाळूवर गेला. टाळू लपलपत होती. मी निखाऱ्याकडे पाहिलं, मग टाळूकडे, मग पुन्हा निखाऱ्याकडे.

दोन्ही एकाच ठेक्यात.

घर आम्ही लाकडावर तापवतच नव्हतो.

१ डिसेंबर

धाकटीला आणि मेव्हण्यांना सगळं सांगितलं, नाळेचंही. मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. धाकटीने फक्त ठमीच्या टाळूवर हात ठेवला आणि निखाऱ्याकडे बघत बसली. मग तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला सहन झालं नाही.

शेगडी लाकडांनी गच्च भरली. एकही पेटलं नाही. सुकी खडखडीत लाकडं, साधी काळीसुद्धा पडली नाहीत. ती आता लाकूड खातच नाही.

मग मेव्हण्यांनी तांब्याभर पाणी घेतलं. पहिला थेंब पडला आणि ठमीचे ओठ निळे झाले. रडलीसुद्धा नाही, नुसती आ करून राहिली. तांब्या टाकून दिला. मी फुंकर घालत बसले. फुंकर घातली तशी पोर हळूहळू गुलाबी झाली.

४ डिसेंबर

ठमीला उचलून खालच्या वस्तीला न्यायचं ठरवलं. तीन दुपट्यांत गुंडाळली, मेव्हण्यांच्या कोटात घेतली. फाटकापर्यंत ठीक. फाटकाबाहेर पाय टाकला आणि ती दगडासारखी गार पडली. मेव्हणे धावत परत आले. असा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता.

म्हणजे शेगडी विझवली तर ती जाणार. चालू ठेवली तरी झिजून जाणार. आता अंगाला नुसती कातडी आहे. हे मी केलंय. माझ्या टापटिपीने केलंय.

९ डिसेंबर

देवा, वाट सापडली!

सकाळी केस विंचरले आणि सवयीने गुंतवळ शेगडीत टाकला. भक्कन जाळ उठला! आणि तिकडे ठमी हातपाय झाडायला लागली. दिवसभर गुलाबी. संध्याकाळी बोट धरलं तर सोडेना.

शेगडीला आता माझं चालतं. मी कात्री घेतली आणि वेणी मानेपासून कापली. धाकटी माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, ताई, तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. मी म्हटलं, वेडी, केस काय, वाढतात पुन्हा.

१६ डिसेंबर

वेणी रोज चार बोटं टाकते. ठमीच्या गालाला मांस येतंय. मला मात्र शेगडीला टेकून बसलं तरी ऊब लागत नाही. नखं निळसर झालीत. असेल वयाचं.

धाकटीला म्हटलं, तुझेही थोडे केस टाकून बघू या. ती म्हणाली, ती अंगावर पाजते, तिचं काही कमी झालं तर ठमीचं दूध आटेल. मेव्हणे म्हणाले, ते आजारी पडले तर पंप बंद, वस्तीला पाणी नाही. दोघांचंही खरं आहे. माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?

२२ डिसेंबर

वेणी संपली. डोक्यावरचे उरलेसुरले मेव्हण्यांनी वस्तऱ्याने काढून दिले. फार हळुवार हात. कापलं नाही कुठे.

मग नखं. नखांना जाळ कमी उठतो.

धाकटी पाळण्याशी उभी राहून सारखी विचारते, ताई, अजून थोडं?

२६ डिसेंबर

केस उगवत नाहीत. डोकं गुळगुळीत.

मागची हलती दाढ मीच उपटून दिली. तिच्यावर दोन दिवस निघाले. ठमीच्या मनगटाला पुन्हा वळी आली. मी बोट फिरवून पाहिली. काय सुंदर वळी आहे! खरंच सांगते, तेवढ्यापुरतं सगळं विसरले.

धाकटी हल्ली मला पहिलं ताट वाढते. साय मला. ऊन ऊन दूध मला. म्हणते, ताई, तू तब्येत सांभाळ.

२९ डिसेंबर

आज वाटलं, थोडे दिवस खाली जाऊन राहावं. बर्फ मांडीइतका आहे, पण जमलं असतं. नर्सबाईंना विचारलं असतं, काही दुसरा उपाय...

माझे बूट सापडत नाहीत. धाकटी म्हणाली, थंडीचं कुठे जातेस. मेव्हणे माझ्याकडे न बघता म्हणाले, ताई, घर तुमचं, शेगडी तुमची.

दाराला बाहेरून कडी आहे, हे मला आजच कळलं.

२ जानेवारी

ठमी पुन्हा निळी. दातांनी भागेना—

मी नाही म्हटलं. हो, म्हटलं मी नाही. धाकटीने ठमीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं, बर्फाच्या लादीसारखी, आणि म्हणाली, तूच ठरव. कचरा साठलेला तुला खपत नाही ना? मग ती आत गेली.

टाळू क्वचित उडत होती. क्वचित.

मी मेव्हण्यांना हाक मारली.

३ जानेवारी

डावी करंगळी.

हात मीच पुढे केला. त्यांनी कुऱ्हाड उकळत्या पाण्याने धुऊन घेतली होती. धाकटीने माझे डोळे झाकले.

ठमी आज हसली. पहिल्यांदा. माझ्याकडे बघून.

८ जानेवारी

ती वाढतेय. वाढेल तशी भूकही—

शेगडीची की तिची, मला आता वेगळं सांगता येत नाही. ठेका एकच.

डाव्या हाताची बोटं संपली. धाकटीने मलमपट्टी छान केली आहे. घास भरवते. पापा घेते. अजून रोज विचारते, ताई, थोडं—

११ जानेवारी

डावा हात नाही.

कुणावर रागावू? तिच्या जागी मी असते तर— मीही हेच— नाही. नाही, मी नसतं—

थंडी सरायला अजून—

१३ जानेवारी

बाहेर दगडावर पातं घासतायत. लाकडं फोडायला नाही. रास आहे तशी आहे.

ठमी कशी टुकुटुकु बघतेय. गाल बघा. लोण्याचा गोळा.

धाकटी आली. शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला. म्हणते, ताई, पुरे झालं ते लिहिणं, दे इकडे तो उजवा हा