रेघेपर्यंत भरलेली नळी

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगशाळेच्या नळीविरुद्ध माझी तक्रार रीतसर नोंदवून घ्यावी. तिच्यावरची रेघ मर्त्य मानवासाठी आखलेली नाही. तीस वर्षे संस्कृत शिकवतो आहे. पहिल्या बाकावरची पोरे माझ्या लाळेला भिऊन वह्या आडव्या धरतात. आणि आज सन्मानाने मागणी आली, तर एक थेंब येईल तर शपथ! तुझ्या सूचनेबरहुकूम दात न घासता, चहा न घेता, मान खाली घालून पाऊण तास खिडकीत बसलो. समोरच्या शिंपीणबाईंनी शेवटी विचारले, घरात कोणी गेले का. तुझी वहिनी आत पोट धरून हसत होती.

दंतवैद्य म्हणतात, खोल सफाईने हिरड्यांची जुनी सूज उतरली असेल तर लाळेत कळेल, नाहीतर शस्त्रक्रिया. सुरीचे नाव काढले की उरलीसुरली लाळही आटते. तुझ्या यंत्राला माझा नमस्कार सांग. नळी उद्या टपालात पडेल.

तुझा कोरडा दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

यंत्राने नमस्कार घेतला, पण ते पावले नाही. हिरड्या सुजल्या की लाळेत जी प्रथिने वाढतात, ती सफाईआधीच्या तिप्पट निघाली. मी दोनदा तपासले. दंतवैद्यांना फोन केला, तर ते म्हणाले की परवाच पाहिले, तुझ्या हिरड्या छान गुलाबी आहेत, सुरीबिरी काही नको. म्हणजे तोंड एक सांगते आणि लाळ भलतेच!

आणखी एक. आधीची नळी तू आठवडाभर रखडून अर्धीच पाठवलीस. ही रेघेपर्यंत भरलेली, झाकणाभोवती इस्त्रीचा रुमाल. दादा, इतका नीटनेटकेपणा तुझ्या हातून जन्मात झालेला नाही. खरे काय ते सांग. रागावणार नाही, हसेन मात्र. वहिनीला नमस्कार आणि तुझ्यावर डोळा.

तुझी धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

हस. ती लाळ माझी नाही. खिडकीतली माझी तपश्चर्या बघून तुझी वहिनी म्हणाली, आणा इकडे, तुमच्याने नाही व्हायचे. आणि दहा मिनिटांत नळी भरून दिली. मी म्हटले, बरेच झाले, हिची दातांची कधी तक्रार नाही, आकडा चांगला येईल आणि सुरी टळेल.

तुझे पत्र आले त्या दिवशी जेवताना तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. ती एकाच बाजूने चावते. पाव भिजवून खाते. सफरचंद किसते. वर्षभर मी समजत होतो, माझ्यासाठी किसते, आणि ऐटीत खात होतो. विचारले तर म्हणाली, अहो, कण्हायला घरात एक पुरे. तुमच्या कण्हण्यात मला जागा कुठे होती? त्या रात्री सफरचंद मी किसले.

उद्या दहा वाजता तिला दंतवैद्यांकडे नेतो आहे. लागलीच तर नवी नळी तिच्याच नावाने पाठव. लबाडी माफ कर, आणि लोभ थोडा आवळून का होईना, ठेव.

तुझा दादा

ता. क. तिला आणखी कुठे कुठे दुखते, मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते.