दिवेवाल्याच्या कोटाचा रंग

४ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. दोन ओळी हवेवर, एक गोळ्यांवर आणि एक सहीची. पोस्टमन एवढे जिने चढून आला, त्याची तरी दया यायला हवी होती तुला. घशाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, डॉक्टर म्हणतात आता बोला, आवाज वापरा, आणि तू दार लावून बसला आहेस. बसस्थानकावर इतकी वर्षं तूच गाड्या पुकारल्यास. तुझा आवाज आला की लोक पिशव्या उचलायचे. त्या माणसाला स्वतःचा घोगरा आवाज ऐकवत नाही, हे मी समजू शकते. पण यांनी फोनवर कोण बोलतंय असं विचारलं म्हणून तू फोन ठेवलास, तो आजतागायत उचलला नाहीस. हे बिचारे अजून फोन वाजला की दचकतात.

आता कामाचं. आमच्या थिएटरच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात मेळावा आहे. व्हिडिओ गेममधली पात्रं होऊन यायचं, कपडे आपण शिवायचे. कॉस्प्ले म्हणतात त्याला. कपडेपटात मी आजवर राजे-राण्या शिवल्या, पण जाहिरात वाचली आणि डोळ्यांपुढे आलं ते आपलं जेवणाचं टेबल. बाबा दुपारी आडवे झाले की त्या टेबलाखाली आपण दोघं आणि मामाने दिलेला तो हातात मावणारा गेम. दिवेवाल्याने उजेड पाडायचा, किल्लीवालीने कुलूप शोधायचं, दोघं एकदम दारात उभे राहिले तरच दार उघडायचं. बाबा उठतील म्हणून बोलायची चोरी. मग मनगटावर एक टिचकी म्हणजे चल आणि दोन म्हणजे थांब.

मी किल्लीवाली होणार आहे. दिवेवाला मला दुसरा कोणी चालणार नाही. छाती, खांदा, उंची, सगळी मापं कळव. पोटाचं खरं कळव.

तुझ्यावर माया करणारी आणि तुझ्यावर चिडलेली,
ताई


११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोटाची चिंता नसावी, ते आपल्या जागी आहे.

बाकी तुझी कल्पना ऐकून हसू आलं, एवढं मात्र खरं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या पुठ्ठ्याचा दिवा घेऊन पोराटोरांत मिरवणार! ऑफिसने मला सापडलेल्या सामानाच्या खोलीत जागा देऊ केली आहे, तिथे जायलासुद्धा माझा पाय घराबाहेर पडत नाही. त्रास माझ्या आवाजाचा नाही गं, ऐकणाऱ्यांचा आहे. लोक हौसेने हाक मारतात, मी तोंड उघडतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. मग तोच मला धीर देतो आणि मीच त्याला. कंटाळलो मी त्या चेहऱ्यांना. भावोजींवर माझा राग नाही, त्यांनी मनातलं विचारलं एवढंच.

तेव्हा मला यात ओढू नकोस. कपडेपटात उंच माणसांची वानवा नसेल. फक्त जो कोणी असेल त्याला निळा कोट घाल. तू जन्मभर तो तांबडा म्हणत आलीस, ते साफ चूक होतं.

भावोजींना नमस्कार. राग मानू नये आणि मानलास तर कळवू नये,
तुझा ठोकळ्या


१७ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

तांबडाच होता! पडद्यावर रंग दिसायचा का मुळात, की तू निळा म्हणून ठोकून देतोस? तरी म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष लावू. आमच्या लाइटवाल्याला असले सगळे गेम तोंडपाठ. तो म्हणाला, त्या गेमची मागाहून रंगीत आवृत्ती निघाली. त्याने मोबाइलवर चित्रच दाखवलं. ठोकळ्या, बसून वाच. दिवेवाल्याचा कोट पिवळाधमक आहे. किल्लीवालीचा झगा जांभळा आणि वर तिला गुलाबी गाल!

मी शिवणयंत्रापाशी जाऊन बसले ती चहा पार गार होईस्तोवर. मला रडू आलं, तुला हसायचं तर हस. ज्यांच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो ती ही माणसं नव्हेतच. लाइटवाला म्हणतो, याच रंगात शिवा, नाहीतर तिथे तुम्हाला कुत्रं ओळखणार नाही. त्याचं ऐकून पिवळं कापड आणलं, पण कात्री लावायला हात होत नाही.

तू येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही. मग पिवळा तर पिवळा, कुणाच्या तरी अंगावर चढवीन आणि मोकळी होईन.

वाट पाहणारी,
ताई


२२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पिवळ्या कापडाला हात लावू नकोस. पडदे शिव त्याचे.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. गुलाबी गाल म्हणे! अगं, आपला दिवेवाला तांबडा नव्हता, निळा नव्हता आणि पिवळा तर त्याच्या स्वप्नातही नव्हता. तो पडद्याच्या रंगाचा होता. शेवाळी. फिका शेवाळी, त्याहून गडद, मग करडा आणि कडेला काळपट. त्या चार छटांतच तो चालायचा, त्यातच त्याचा दिवा लागायचा. तसाच शिव. नाही ओळखलं कुणी तर न ओळखो. आणि गोल काही ठेवू नकोस. त्या पडद्यावर गोल काढायची सोय नव्हती, खांदासुद्धा पायऱ्या-पायऱ्यांचा होता.

दिवा मी केला आहे. पुठ्ठ्याचे चौकोन कापून चिकटवले. रंगाच्या दुकानात छटा लिहून चिठ्ठी नेली होती. दुकानदाराने पुनःपुन्हा भलताच हिरवा कालवला, मी पुनःपुन्हा मान हलवली. शेवटी तो वैतागला आणि काठी-डबा माझ्याच हाती देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मापं मागच्या पानावर आहेत, पोटासकट. मी येतो, पण एका अटीवर. दिवेवाला अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. मीही बोलणार नाही, तुझ्याशीही नाही आणि भावोजींशीही नाही. टिचक्यांवर भागवायचं.

कळावे, लोभ आहेच,
ठोकळ्या


२ मार्च

चि. ठोकळ्यास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

अट मान्य. यांनाही बजावलं आहे. हे म्हणाले, मी स्टेशनवर येतच नाही, घरी राहून जेवणाचं बघतो. इतके धसकले आहेत.

कपड्यांचं विचारशील तर माझी पार दैना झाली. जंगलाचा देखावा असलेला एक जुना पडदा अडगळीत पडला होता, तो मागून घेतला आणि चार पातेल्यांत चार छटा उकळल्या. माझी नखंही सध्या शेवाळी आहेत. कोटाची काख कापताना हात सवयीने गोल फिरला. इतक्या वर्षांचा हात, त्याला चौकोनी काख कुठून सुचणार? पुन्हा कापड जोडून पायऱ्या पाडल्या. डोकी खोक्यांची केली आहेत, वरून कापड. पुढे पाहायला फट आहे, पण आजूबाजूचं आणि पाठीमागचं काही दिसत नाही. तेव्हा माझ्याजवळ राहा.

खूप दिवसांनी कुणासाठी तरी शिवतेय असं वाटलं रे. नटांसाठी शिवते, पण ते वेगळं. तुझा कोट घडी करताना टेबलाखालची फरशी किती गार लागायची ते आठवलं.

पोट वाढलंच तर घाबरू नकोस, शिवणीत माया भरपूर सोडली आहे.

तुझी ताई


१६ मार्च

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद. सुखरूप पोचला असशील.

तू गेल्यापासून मी तो दिवस मनात सारखा उलगडतेय आणि घडी घालतेय. सुरुवातीला आपल्याला कुणी विचारलं नाही, आठवतं? एका मुलीने तर आपल्याला पाण्याच्या टाक्या समजून फोटो काढला. मग तो टकला, चष्मेवाला गृहस्थ समोर येऊन थबकला. काही न बोलता त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि हवेत अंगठ्यांनी बटणं दाबली. आपल्याकडेही असाच हिरवा पडदा होता, असं तो म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. लाइटवाल्याला हे सांगून मी त्याची पुरती जिरवली.

त्या चष्मेवाल्याने बोलावलं म्हणून सगळे गोळा झाले आणि आपल्याला स्टेजवर चढवलं. फोटोवाला मला मागे सरका, अजून मागे सरका म्हणत राहिला. मी शहाणी सरकत राहिले. पाठीमागे स्टेजची कड आहे हे खोक्यातून मला कुठलं दिसायला! आणि तेवढ्यात अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक आली, ताई, थांब.

मी थांबले. खोक्यात डोळ्यांना धार लागली आणि पुसायला हात आत जाईना. आवाज घोगरा झालाय, खोटं कशाला बोलू. पण कोण बोलतंय हे मला पहिल्या शब्दाला कळलं. दुसऱ्या कुणाला ती हाक तशी मारता येत नाही.

नंतर तू पुन्हा गप्प झालास, तो गाडी सुटेपर्यंत. मी विषय काढला नाही, जीभ चावून बसले. आता पत्रात काढते. एवढं एकदाच होतं का रे? तसं असेल तर तेही पुरवून वापरीन. पण आणखी मिळालं तर हवं आहे.

तुझी,
ताई


२१ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन टिचक्या मारायला हात उचलला होता, पण मध्ये चार माणसं होती. दिवा हलवून उपयोग नव्हता, तुझी पाठ कडेकडे आणि नजर त्या फोटोवाल्याकडे. मग जे झालं ते झालं.

ओरडल्यावर मी आधी खोक्याच्या फटीतून सगळ्यांचे चेहरे पाहिले. म्हटलं, पडले असतील. पण कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे तुझ्याकडे पाहत होते, तू पडतेस की काय म्हणून. गाडीत तोच विचार करत आलो. बोललो असतो गं तुझ्याशी, पण अट माझीच होती, एकदा मोडली तरी पुन्हा कशी मोडावी ते गाडी सुटेपर्यंत सुचलं नाही.

सोमवारपासून सापडलेल्या सामानाच्या खोलीत जायला लागलो. तिथे माझ्या आवाजाचं कुणाला सोयरसुतक नाही, लोकांना छत्री परत मिळाल्याशी मतलब. दिवा फळीवर ठेवला आहे. काल एक बाई तो आपलाच म्हणून हक्काने मागायला लागल्या. पाच मिनिटं समजावलं. तोंडाने.

कोट घरी खुंटीवर आहे. शेवाळीच होता, आता वाद नको.

तुम्हा दोघांच्या लोभावर आजवर चाललं, पुढेही चालू द्यावं.

तुझा ठोकळ्या

ता. क. रविवारी दुपारी, जेवणं उरकली की फोन करतो. तू उचलू नकोस, भावोजींना उचलू दे. कोण बोलतंय, असं खुशाल विचारा म्हणावं. सांगेन.