स्वतंत्र धाकट्याची बाकं

तीर्थरूप दादा यांच्या चरणी,

धाकट्याचा शिरसाष्टांग. (मायन्यापुरतं अहो-जाहो, खाली नेहमीसारखं अरे-तुरेच आहे, राग मानू नये.) कंबर कशी आहे? लेकीच्या घरी विश्रांतीला गेलेला माणूस तिथल्या कपाटांच्या बिजागऱ्या तपासत हिंडतो, अशी वहिनींची फोनवर तक्रार आहे. डॉक्टरांनी विश्रांती तुला सांगितली आहे, बिजागऱ्यांना नव्हे. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. 'सर्व' या पदात तुझं रंधा मारायचं मोठं यंत्र येत नाही. त्याविषयी ओघाने लिहितो, तोवर कंबर टेकवून बस.

सरकारी दवाखान्याच्या बाकांचं काम निघालं आहे हे तुला ठाऊकच आहे, कारण ती बातमी मला तूच दिलीस. त्यात लहान उद्योगांना प्राधान्य आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या कारखान्याचा भाव माझ्यापेक्षा थोडा कमी आला तरी काम माझ्याकडे. हे कळल्यावर मला जे वाटलं ते तुला कसं सांगू? धाकटेपणाचा आजवर मला एकच लाभ झाला होता: तुझे जुने कपडे. आता साक्षात सरकार म्हणतंय की लहान असणं हीच पात्रता! हे काम मिळालं तर तुझ्या फर्निचरच्या कारखान्याला चिकटून उभी असलेली माझी शेड स्वतःच्या पायांवर उभी राहील. नाही मिळालं तर मिस्त्रींसकट माझी सगळी माणसं तुझ्याकडे पाठवावी लागतील आणि त्यांच्यामागून मीही येईन, मधल्या भिंतीतल्या त्याच दारातून. तू घेशील. एक शब्दही बोलणार नाहीस. तेवढंच मला नको आहे, दादा.

तर पात्रता पाहायला तपासनीस बाई प्रत्यक्ष येणार असा निरोप आला. आता आपल्या घरची रीत तू जाणतोसच. कोणी पाहुणा पाहायला, तपासायला, नुसता टेकायला जरी येणार असला, तरी आधी थोरल्याच्या घरून सामान आणायचं. माझे सासरे प्रथम घरी आले तेव्हा खुर्च्या तुझ्या, पडदे वहिनींचे, कपबशा तुमच्या कपाटातल्या आणि बोललासही सगळं तूच. (सौ. अजून म्हणते की तिच्या वडिलांनी पसंत नेमकं कोणाला केलं, याचा एकदा उलगडा व्हायला हवा.) त्याच संस्कारांनी मी तुझं यंत्र मधल्या दारातून शेडमध्ये आणवलं. तुझी माणसं आणली, त्यांच्या अंगावर तुझ्या कारखान्याचं नाव छापलेले एप्रन. तुझ्या गोदामातलं लाकूड छतापर्यंत रचलं. शेड अशी भरली की मला स्वतःला आत शिरताना दडपण येऊ लागलं. अंगावरच्या नव्या सदऱ्याची बटणं चाचपत मी दारात उभा राहिलो आणि मनात म्हटलं, ह्याला म्हणतात उद्योग.

एवढ्यात सौ. चहा घेऊन आली. तिला वाचायची वाईट खोड आहे. टेबलावरच्या अटी तिने उभ्याउभ्या वाचल्या आणि शांतपणे विचारलं, "अहो, यात लिहिलंय की उद्योग लहान हवा आणि कुठल्या मोठ्या उद्योगाच्या कह्यात नको. मग तुम्ही हे काय मांडून ठेवलंय?" मी म्हटलं, "शोभा." ती म्हणाली, "होणार आहे खरी."

पुढे जे झालं त्याला पळापळ म्हणणं म्हणजे पळणाऱ्यांचा अपमान. तुझ्या माणसांनी एप्रन उलटे चढवले, त्यामुळे खिसे बाहेर येऊन लोंबायला लागले आणि प्रत्येकाला कमरेला दोन जादा कान फुटल्यासारखे दिसू लागले. लाकूड हलवायला सवड नव्हती, म्हणून त्यावर चादर घातली. (आता ते चादर घातलेलं लाकूड दिसू लागलं.) यंत्र परत ढकलताना दारात अडकलं. आणताना मिस्त्रींनी त्याची बाजूची फळी सोडवून मग पुन्हा लावली होती, नेताना ती सोडवायचं घाईत कोणाला आठवलं नाही. अर्धं यंत्र तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे, आणि मधोमध मी खांदा लावून. अशा प्रसंगी बाई आल्या.

बाई किरकोळ अंगाच्या, मवाळ आवाजाच्या, आणि उत्तर ऐकताना समोरच्याकडे न पाहता वस्तूकडे पाहणाऱ्या. त्यांनी विचारलं, "हे यंत्र कोणाचं?" संकटात सापडल्यावर माझं संस्कृत शिक्षण उफाळून येतं हे तू जाणतोस. (ते शिकायला मला पाठवायचं तूच ठरवलंस आणि तिथून रंध्यावर परत बोलावायचंही तूच.) मी त्यांना देहलीदीप न्याय समजावून सांगितला. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही, तद्वत हे यंत्र. बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं: 'सामाईक'. माझ्या आयुष्यात पांडित्य प्रथमच कामी आलं आणि आलं ते समोरच्याच्या.

मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. मिस्त्री हा खोटं बोलू न शकणारा माणूस. गुण नव्हे, सुचतच नाही.

"लाकूड कोण पसंत करतं?"

"दादा."

"भाव?"

"दादाच की!"

"मग हे काय करतात?" बाईंनी पेन्सिल माझ्याकडे रोखली.

मिस्त्रींनी माझ्याकडे बराच वेळ मायेने पाहिलं. माझ्या बाजूने काहीतरी चांगलं सांगावं अशी त्यांची धडपड चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. शेवटी म्हणाले, "हे दादांना विचारतात."

जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान आम्हाला पाठशाळेत शिकवलं होतं. बाईंपुढे धुराचे लोट उठले होते. अग्नी तेवढा लेकीच्या घरी विश्रांती घेत होता. निदान प्रत्यक्ष प्रमाण तरी नाही, एवढाच काय तो मला आधार. आणि नेमका तेव्हा माझा फोन वाजला. माझे हात भुशाने भरलेले, म्हणून सौ.ने तो टेबलावर ठेवूनच स्पीकरवर सुरू केला आणि तुझा आवाज साऱ्या शेडभर झाला: "आल्या का रे त्या बाई? घाबरू नकोस. त्यांना सांग, सगळं मी बघतो!"

दादा, तुला दोष देत नाही. तू प्रेमानेच बोललास. पण त्या एका वाक्याने बाईंचे उरलेले सगळे प्रश्न वाचले.

त्यांनी नकार मात्र दिला नाही. जाताना तुझ्या यंत्राला वळसा घालून त्या माझ्यापाशी थांबल्या आणि पेन्सिल खिशात ठेवून म्हणाल्या, "कागद राहू देत. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? इथलं कोण ठरवतं?" इतकी वर्षं मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि दाराकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. म्हणाल्या, "मी पुन्हा येईन. तोवर ते दार बुजून तिथे भिंत झाली असेल तर बाकांचं बोलू."

तेव्हापासून मी बसलेलो नाही. टेबलाशी टेकतो, उठतो, दारापर्यंत जातो, यंत्राला हात लावून परत येतो, मग आपण कशाला गेलो होतो ते आठवायला पुन्हा जातो. सौ. म्हणते, एकतर बसा किंवा मला तरी बसू द्या. हे पत्रसुद्धा निम्मं उभ्यानेच लिहिलं आहे, अक्षरावरून ओळखशीलच. त्या दारातून तुझी हाक आली की मी हातातलं टाकून धावतो, हे खरं. पण भिंत झाल्यावर तू हाक कोणाला मारशील, हा विचारही मला बसू देत नाही. तुझ्याकडे माणसं पुष्कळ आहेत, पण त्यातला एकही तुझी चूक निघाल्यावर गप्प बसणारा नाही. ते कसब माझंच.

तरीही सांगतो: मी ठरवलं आहे. भिंत घालायची. गवंडी सांगून ठेवला आहे, विटा माझ्या पैशांच्या आहेत, आणि हा निर्णय मी कोणालाही न विचारता घेतला आहे. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. माझ्या माणसांचं काम टिकावं आणि पुढच्या खेपेला बाईंनी तोच प्रश्न विचारला तर मान कुठेही न वळवता उत्तर द्यावं, एवढीच इच्छा आहे. ती पुरी करायला मी समर्थ आहे असं मला सकाळपासून अधूनमधून वाटतं.

कळावे. लोभ असावा, ताबा नसावा.

तुझा (सरकारदरबारी मात्र कोणाचाही नव्हे),
धाकटा

ता. क. तुझ्या यंत्राला काही झालेलं नाही. दाराच्या चौकटीला झालं आहे.

ता. क. दुसरा: बाईंनी आणखी एक गोष्ट मागितली आहे, ती वर लिहायची राहिली. (राहिली नाही, धीर झाला नाही.) 'धाकट्या भावाच्या धंद्यात माझा कसलाही शब्द चालत नाही', असं तुझ्या सहीचं निवेदन त्यांना हवं आहे. मसुदा मीच केला आहे, सोबत जोडला आहे. एका ठिकाणी तू जरा कठोर वाटतोस आणि एका ठिकाणी मी जरा जास्तच कर्तबगार, तेव्हा डोळ्यांखालून घाल आणि योग्य वाटेल तिथे खुशाल बदल.

ता. क. तिसरा: भिंत किती जाडीची घालावी तेही कळव. तू हो म्हणालास की लगेच स्वतंत्र होतो. गवंड्याला तोवर थांबवून ठेवलं आहे.