सीट खाली घे

कुंभकोणम्,
आडी महिन्यातला पहिला शुक्रवार

तुझ्या त्या दोस्ताला, सुंदरेशला, सायकलीच्या दुकानात कोणी बसवले? वेदवती साडी नेसणारी, बेचाळीस वर्षांची, जन्मात सायकलला हात लावलेला नाही. तुझा दोस्त म्हणून तिथे गेलो, तर मधे आडवा दांडा असलेली, एकवीस गियरांची घोड्याएवढी सायकल पुढे केली. म्हणतो, चढावर बरी पडते. कुंभकोणात चढ कुठला? महामखम् तळ्याच्या पायऱ्या चढायच्या का तुझ्या बायकोने?

असो. चिरंजीव सुधींद्रास आईचे आशीर्वाद. होसूरचे पाणी मानवते का? माझ्या उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर वाकडे. फोन तू मधेच ठेवतोस, कागद ठेवून दिलास तरी वाचावा लागेल.

तिरुभुवनम्‌च्या रेशीम सोसायटीत तिला काम लागले, ते तुला ठाऊक आहे. एक तारखेपासून नऊच्या आत हजर, नाहीतर दुसरी बाई घेणार. सकाळची बस भरलेली, आपल्या कोपऱ्यावर थांबत नाही. सायकल शिकते म्हणाली, तर तू म्हणालास, या वयात जमणार नाही, गावात हसे होईल, घरी बैस. त्यानंतर तिला तुझा फोन नाही.

सुंदरेश म्हणे सीट उंचच हवी, पाय ताठ झाला नाही तर गुडघे दुखतात. गुडघ्यांचे मागाहून बघू. पाय भुईला टेकत नाही तर ती थांबणार कशी? ऐकेना. मग कोणीतरी बसून दाखवायला हवे होते, मीच चढले नि आपटले. पट्टी त्याचीच. दुकानात कोणी हसले नाही, माझे तोंड बघून.

मग त्याने बायकांची बुटकी सायकल काढली. सीट तळाला नेऊन बसवली. पेडलही काढ म्हटले.

"अम्मा, पेडलाशिवाय सायकल कशी?"

"चालायच्या आधी तू रांगलास ना?"

आठ दिवस सकाळी तळ्याकाठी ती पायांनी भुई ढकलत होती. शेजारची वत्सला मुद्दाम बघायला आली. वेदवतीने तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही. नवव्या दिवशी दोन्ही पाय उचलून वळणापर्यंत गेली. तेव्हा पेडले लावून घेतली.

एक तारखेला पदर खोचून निघाली. मागे वळली नाही. वळली असती तर शिव्या खाल्ल्या असत्या. तिचा फोन आला, पावणेनऊलाच पोचले. बरे, ठेव म्हटले, आणि सगळी गल्ली फिरून सांगून आले.

परवा देवळात एका बाईने विचारले, सायकलवरून येते ती तुमची मुलगी का? मी हो म्हटले.

या पत्राचे उत्तर मला नको. वेदवतीला लिही, स्वतःच्या हाताने. जमणार नाही असे तू म्हणाला होतास, तर जमले असेही तूच लिहायचे.

तुझी आई