चंद्रीचं ठरलेलं उत्तर

शुक्रवार, नौपाडा

अजून हसू येतंय. रागही. आमच्या पशुवैद्यक कॉलेजात गाभण तपासायच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं एकच म्हैस, गोठ्यातली चंद्री. ‘गाभण नाही’ हे तिचं उत्तर मुलं सीनियरांकडूनच पाठ करून येतात. परीक्षेला अनोळखी जनावर आणा म्हणून मी किती भांडले! प्राचार्यांचं एकच, ‘‘कशाला? चंद्री लाथ मारत नाही.’’

आजही सगळ्यांनी घोकलेलंच सांगितलं. शेवटी गायत्री आली. हात आत घातला, पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, सगळे नाही म्हणतायत, पण माझ्या हाताला पारडू लागतंय.’’

बाहेरून आलेले परीक्षक हसले. ‘‘अगं, चंद्री आहे ती!’’

मी हातमोजा चढवला. लागलं की! छान वाढलेलं. कधी फळली, कुणाला पत्ता नाही.

प्राचार्यांना बोलावलं, त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘पुढच्या परीक्षेला शीळफाट्याच्या तबेल्यांतून जनावरं आणू. दरवेळी नवी.’’

झालं एकदाचं! आता पोरांना खरंच तपासावं लागेल.

आणि चंद्रीला रजा. बाळंतपणाची.